दाब, धर, सोड

भांडण झालं ते फळीच्या पलीकडे. स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यामध्ये फळ्यांची एक भिंत होती, पण ती नावालाच. तिकडचा पेट्रोलचा वास इकडे यायचा, इकडचा दुधाचा तिकडे जायचा, आणि बोलणं तर दोन्हीकडचं दोन्हीकडे. वहिनी कांदा चिरत होती. डोळ्यांत पाणी होतं ते कांद्याचं, हे आधीच सांगितलेलं बरं.

“दादा, पुढच्या चाकाला डिस्क दोन आहेत ना? मग पाइप दोन,” दीर म्हणत होता. “हँडलपासून सरळ खाली. एक उजवीकडे, एक डावीकडे. कुणी कुणाच्या वाटेत नाही.”

“आणि माझ्या पद्धतीत काय वाईट आहे रे?” हा तिचा नवरा. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. “एक पाइप खाली, उजव्या ब्रेकला. तिथून दुसरा मडगार्डवरून उडी मारून डावीकडे. हँडलपाशी गर्दी नाही, पसारा नाही. वीस वर्षं असाच लावतोय. कोण मेलं?”

“मेलं कुणी नाही. पण त्या उडीच्या कमानीत हवा जाऊन बसते. सकाळी लिव्हर दाबावा तर उशीसारखा. मग ती हवा काढायला तू वहिनींना बसवतोस. अर्धा अर्धा दिवस! त्यांना काही दुसरं काम आहे की नाही?”

“तिचं काय जातंय त्यात?” मिस्त्री म्हणाला. “नाहीतरी बसूनच असते.”

वहिनीची सुरी थांबली. पहाटेपासून तिने पाणी भरलं होतं, दोन बादल्या कपडे धुतले होते, ओटा घासला होता, आणि गॅरेजची फडकी सोड्यात उकळत ठेवली होती. बसली होती ती आत्ताच, तीही कांद्यापुढे. तिला राग यायला हवा होता. आला तोही, पण त्याच्याआधी दुसरंच काही आलं. आपण इथे कशामुळे अडकून पडलोय, हे आज दिराने तोंडाने बोलून दाखवलं, तेही मोठ्याने. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि हे वाक्य कानावर पडायची ही पहिली वेळ. तिने कांदा तसाच ठेवला आणि फळीला कान लावला.

आता ही लिव्हरची भानगड काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मोटारसायकलच्या हँडलवर ब्रेकच्या तेलाची एक डबी असते. लिव्हर दाबला की तेल पाइपातून चाकापर्यंत ढकललं जातं, तिथला ब्रेक चाकाच्या लोखंडी तबकडीला, म्हणजे डिस्कला, चिमटीत धरतो, आणि चाक थांबतं. तेलाला दाबलं तर ते दबत नाही. हवा दबते. पाइपात हवेचा वाटाण्याएवढा बुडबुडा राहिला, तरी माणूस लिव्हर दाबतो आणि दाबला जातो तो बुडबुडा. चाकाला पत्ताच नसतो. म्हणून पाइप बदलला, तेल बदललं, की हवा काढायची. ते काम दोघांचं. एकाने वर लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली चाकापाशी एक बारका नट सैल करायचा. तेल आणि हवा एका पातळ नळीतून बाटलीत पडते. मग आधी नट आवळायचा, त्यानंतर लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत, आणि सगळं पहिल्यापासून.

दाब. धर. सोड. शंभर वेळा, दोनशे वेळा.

लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या महिन्यात मिस्त्रीने फळीवर टकटक केली होती. “अगं, जरा येतेस का? दोन मिनिटांचं काम आहे.” नवी नवरी कौतुकाने गेली. त्या दोन मिनिटांना आता बावीस वर्षं झाली होती.

त्यात तिचा हात निघाला गुणाचा, आणि तिथेच सगळं बिघडलं. दुसऱ्या कुणाला लिव्हर नुसता कडक लागतो किंवा मऊ. वहिनीच्या तळव्याला त्याच्या पुढचंही कळायचं. हवा वर आहे की खाली, एक बुडबुडा आहे की फेस आहे, रबराचा पाइप म्हातारा होऊन दाबाने फुगतोय की काय, सगळं. मिस्त्री खालून विचारायचा, “झालं?” ती म्हणायची, “अजून आहे.” तो म्हणायचा, “कुठे काय, बाटलीत तर काही येत नाही.” ती म्हणायची, “येईल.” आणि यायचं. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची. मिस्त्री असा छाती फुगवायचा, जसा काही तो हात त्यानेच लेथवर घडवलाय.

तर त्या हाताला मुळात येत होतं शिवणकाम. माहेरी असताना ती काजं करायची. कोट असो, सदरा असो, तिचं काज धुऊन धुऊन कापड विरलं तरी उसवत नसे. तिची थोरली बहीण, ताई, बसने सहा तासांवरच्या गावात शिवणाचं दुकान चालवायची. दुकानात दोन मशिनं होती. एकावर ताई बसायची, दुसऱ्यावर चादर घातलेली असायची. “ते तुझं,” ताई दर पत्रात लिहायची. “कधी येतेस? मी कुणाला बसू देत नाही त्यावर.” अशी बारा वर्षं ते मशीन चादरीखाली होतं.

मिस्त्रीने नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं, रडता येतं, रुसून जाता येतं. मिस्त्री कधी नाही म्हणायचाच नाही.

“जा की! तुला कोणी धरून ठेवलंय? तीन महिने राहा, सहा महिने राहा. मी भाकर-तुकडा बघेन माझा. फक्त एवढी गाडी होऊ दे.”

एवढी गाडी झाली की त्याच्या मागे दुसरी उभी असायची. एकदा ती बसमध्ये चढून बसली होती, खिडकीची जागाही मिळाली होती. तेवढ्यात गिऱ्हाईक धापा टाकत आलं. “वहिनी, तेवढा हात लावून जा ना. मिस्त्री म्हणतात झालं, पण तुम्ही म्हटल्याशिवाय मला काही झोप लागायची नाही.” कंडक्टर म्हणाला, “उतरताय की येताय?” ती उतरली. बसमधल्या बायका तिच्याकडे अशा बघत होत्या, जशी काही ती मोठी डॉक्टरीण आहे आणि कुणाचा तरी जीव वाचवायला निघालीय. तिला बायकांचा राग आला, गिऱ्हाइकाचा आला, आपल्या तळव्याचाही आला. मग तिने लिव्हर दाबला. हवा होती.

आता पुन्हा फळीपाशी येऊ.

दीर पलीकडे सांगत होता की दोन पाइप सरळ लावले तर हवा काढायला अर्धा तास पुरतो. शिवाय आता नवा नट मिळतो, त्याच्या आत छर्रा असतो. तेल बाहेर पडतं, पण हवा परत आत येऊ शकत नाही. एकट्या माणसाने एका हाताने दाबायचं आणि बाटलीकडे बघत राहायचं. वर दुसरं माणूस लागतच नाही. “पण तो नट त्या कमानीतल्या हवेपुढे लुळा पडतो,” दीर म्हणाला. “आधी पाइप बदल, मग नट. मग वहिनी मोकळ्या.”

मोकळ्या! वहिनीने फळीवरचा कान काढून दुसरा लावला. पहिल्याने नीट ऐकलंय ना, म्हणून.

“बोलून काय उपयोग?” मिस्त्री म्हणाला. “लावून बघू. तीनही तऱ्हा लावू. तुझी, माझी, आणि कंपनीची, ज्यात एक पाइप हँडलखाली येतो आणि तिथल्या जोडापासून दोन फाटे फुटतात. ज्याचा ब्रेक कडक, त्याचं खरं. इथून पुढे गॅरेजात तसाच पाइप लागेल. पण एक, पाइप तिन्ही वेळा एकाच जातीचे. नाहीतर तू आणशील ते स्टीलच्या जाळीचे आणि मला देशील जुनं रबर. मग जिंकलं कोण, दोन पाइप की जाळी?”

मिस्त्री हट्टी होता, पण लबाड नव्हता. तेवढं त्याचं मान्य करायला हवं.

गाडी ठरली दातांच्या डॉक्टरची. डॉक्टर हा बुटका, गोल, हसरा माणूस होता, आणि पन्नाशीत त्याने आपल्यापेक्षा दुप्पट उंच मोटारसायकल घेतली होती, पुढच्या चाकाला दोन डिस्क असलेली. रोज सकाळी तिचा लिव्हर मऊ पडायचा आणि तो गाडी ढकलत गॅरेजला यायचा. “मी दात काढतो, तुम्ही हवा काढा,” हा त्याचा ठरलेला विनोद. तो म्हणाला, मी पंच होतो. एकेका तऱ्हेवर एकेक दिवस गाडी चालवतो. आणि नुसता अंदाज नको. सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा लिव्हरला अडकवायचा, दहा किलोपर्यंत ओढायचा, आणि लिव्हर हँडलच्या किती जवळ येतो त्याची पेन्सिलने कार्डावर रेघ मारायची. जितका मऊ ब्रेक, तितकी रेघ हँडलच्या जवळ.

“हवा मात्र तिन्ही वेळा वहिनीच काढतील,” डॉक्टर म्हणाला. “म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.”

दोघे भाऊ म्हणाले, अर्थात. आणि तिथेच चूक झाली. ही चूक या घरातलीच माणसं करू शकत होती, कारण वहिनीचा हात ही काही मोजायची गोष्ट आहे, असं त्यांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. पाइप मोजले, तांब्याचे वायसर मोजले, जोड मोजले. जो हात तिन्हीकडे सारखाच लागणार होता, तो सोडून सगळं मोजलं.

पहिला दिवस दिराचा. दोन पाइप सरळ खाली. वहिनी स्टुलावर बसली. दाब, धर, सोड. बुडबुडे भराभर आले, जशी शाळा सुटल्यावर मुलं दारातून येतात. पंचवीस मिनिटांत लिव्हर दगड. डॉक्टरने काटा ओढला, रेघ मारली. दीर नुसता हसत होता. “वहिनी, तिकीट काढून ठेवा.”

“गप बसा हो, भाऊजी,” ती म्हणाली. पण संध्याकाळी तिने ताईला पत्र लिहायला घेतलं. दोनच ओळी. या महिन्यात येईन असं वाटतं. मशीनला तेल घालून ठेव.

दुसरा दिवस कंपनीच्या तऱ्हेचा. एक पाइप, मग जोड, मग दोन फाटे. जोडात थोडी हवा दडून बसली होती. तो जोड मोकळा करून तिरपा धरला, वर टिचक्या मारल्या, आणि तासाभरात तीही गेली. लिव्हर दगड. डॉक्टरने रेघ मारली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “पहिल्या रेघेवरच बसली की ही,” तो म्हणाला. दीर म्हणाला, “उद्या बघा.”

तिसरा दिवस मिस्त्रीचा.

सकाळी आठला वहिनी बसली. नऊ वाजले, दहा वाजले. बाटलीत नुसतं स्वच्छ तेल पडत होतं, बुडबुडा एक नाही. मिस्त्रीने तीनदा विचारलं, “झालं?” तीनदा ती म्हणाली, “अजून आहे.” मडगार्डवरच्या कमानीच्या अगदी माथ्यावर एक लहानसा बुडबुडा होता. तिला तो तळव्यात कळत होता, घट्ट मिटलेल्या मुठीत एखादा मऊ मणी असावा तसा. तेल त्याच्या खालून जायचं आणि तो आपला वर बसून राहायचा. हवाच ती. तिला वरच जायचं असतं, आणि पाइप तिला खाली उतर म्हणतो. ती कशाला उतरेल?

साडेदहाला मिस्त्रीने चौथ्यांदा विचारलं. “झालं? सांग ना. बाटलीत काही येत नाही.”

आणि वहिनीला कळलं, की आता फक्त हो म्हणायचं आहे.

त्या ‘हो’ला खोटंसुद्धा म्हणता आलं नसतं. बाटलीत काही येत नव्हतं. मिस्त्री स्वतः झालं म्हणत होता. ती हो म्हणाली असती तर डॉक्टरने काटा ओढला असता, रेघ हँडलकडे बोटभर सरकली असती, दीर जिंकला असता. गॅरेजात सरळ पाइप आले असते, छर्ऱ्याचा नट आला असता. ती खिडकीच्या जागेवर बसून सहा तास झोपली असती, आणि चादर उचलली असती. एवढ्याशा हवेवर सगळं आलं होतं, आणि ती हवा तिच्या मुठीत होती.

तिने दरवाजाकडे पाहिलं. डॉक्टर उंबऱ्यावर बसून पेन्सिलीला टोक काढत होता. ठरल्याप्रमाणे आज तो याच ब्रेकवर घरी जाणार होता. घर उताराच्या तळाशी, आणि उतार संपतो तिथे शाळेचं फाटक. बुटका माणूस, पाय धड जमिनीला टेकत नव्हते त्याचे.

“काय गं?” मिस्त्री म्हणाला.

“अजून आहे,” ती म्हणाली. आणि आपल्याच आवाजाचा तिला इतका संताप आला, की लिव्हर करकचून दाबला गेला.

मग बाराही वाजले. दीर म्हणाला, आता सोडून द्या. मिस्त्रीचं तोंड उतरलं होतं, तोही कदाचित हो म्हणाला असता. पण एकदा हात लागला की अर्धवट काही तिला जमत नसे. काज असो नाहीतर ब्रेक.

“शेकायची रबराची पिशवी असते ना,” ती म्हणाली, “गरम पाण्याची. तिच्यातली हवा कशी काढतो आपण? तोंड वर धरून. मग ह्याचं तोंड वर करा की.”

“म्हणजे?”

“डावा ब्रेक खोला चाकावरून. पाइप राहू दे तसाच लागलेला. आणि तो उचलून मडगार्डच्या वर धरा. मग ती कमान सगळ्यांत उंच राहणार नाही, हा नट उंच होईल. ती आपोआप त्याच्याकडे जाईल.”

दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. तीन दिवसांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं, आणि ते हे की आपल्याला हे सुचायला हवं होतं. मिस्त्रीने डावा ब्रेक खोलला, आतले पॅड चिकटून बाहेर येऊ नयेत म्हणून मध्ये लाकडाची पट्टी घातली, आणि दिराने तो बाळासारखा वर उचलून धरला. दाब. धर. नट सैल. नळीतून एक बुडबुडा आला, एकच, आणि बाटलीत जाऊन टुपकन फुटला. सोड.

लिव्हर दगड.

डॉक्टरने काटा ओढला, रेघ मारली, कार्ड उजेडाला धरलं. तीन रेघा एकमेकींवर. पेन्सिल जाड असल्यामुळे एकच रेघ वाटत होती.

“बघ!” मिस्त्रीने मांडीवर थाप मारली. “म्हणत नव्हतो? पाइप कुठूनही न्या. हवा नीट निघाली की तिन्ही सारखे. मग आपला जुना काय वाईट?”

“अरे दादा, पण वेळ!” दीर ओरडला. “माझ्याला पंचवीस मिनिटं, तुझ्याला साडेचार तास! तो वेळ कुठे धरलास?”

“ब्रेक कडक कुणाचा, असं ठरलं होतं. वेळ कुठे ठरला होता?” मिस्त्री खरोखरच गोंधळला होता. “आणि वेळ गेला कुणाचा? ही आहे की.”

दीर वहिनीकडे बघायला लागला. तिने काही बोलावं म्हणून बघत होता तो. ती स्टुलावरून उठत होती. उजव्या हाताची बोटं वळून तशीच राहिली होती, ती डाव्या हाताने एकेक करून सरळ करत होती. बोलणार काय? गिऱ्हाइकासमोर, नवऱ्याच्या तोंडावर, की मी होते म्हणून तुमचा पाइप पास झाला? दिराला पाडायची युक्तीही तिचीच होती. ती आत गेली आणि दूध तापत ठेवलं.

दोन ओळींचं ते पत्र फडताळात होतं. तिने त्याच्या मागच्या बाजूला धोब्याला द्यायच्या कपड्यांची यादी लिहिली.

दीर त्या वर्षीच निघून गेला. मोठ्या रस्त्यावर त्याने आपलं गॅरेज काढलं. तिथे दोन सरळ पाइप, छर्ऱ्याचा नट, आणि काम करायला एकटा माणूस. जाताना म्हणाला, “वहिनी, तुम्ही तेवढं हो म्हणाला असतात तर?”

“डॉक्टर पडले असते.”

“चार पावलं घसरले असते फार तर.”

“चार पावलं तर चार पावलं,” ती म्हणाली. “तुम्ही जेवून जा.”

आणि डॉक्टर? तो उतारावरून नीट घरी गेला आणि दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला गोष्ट सांगत सुटला. त्याचा धंदाच असा, की समोरचा आ करून पडलेला असतो, उठून जाता येत नाही. दात दुखणाऱ्या प्रत्येकाला वहिनीच्या हाताची गोष्ट ऐकावी लागली. वर्षभरात आसपासच्या गावांहून गाड्या यायला लागल्या. दिराच्या गॅरेजात हवा काढलेली गाडीसुद्धा लोक तिकडून इकडे आणायचे. “वहिनी, जरा हात लावून सांगा.” आता दोन मिनिटांचं काम खरंच दोन मिनिटांचं झालं होतं, पण दिवसातून चाळीस वेळा.

शेवटी ताईच आली. आठ दिवस राहायला म्हणून आली, आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पाट आपटून म्हणाली, “अगं, तू सरळ नाही का म्हणत नाहीस?”

“कुणाला नाही म्हणू? ते कुठे मला थांब म्हणतात? रोज जा म्हणतात बिचारे.”

“मग जा ना!”

“जाणारच आहे.”

“कधी?”

फळीवर टकटक झाली. ताईने कपाळावर हात मारून घेतला. मग हसायला लागली, आणि वहिनीही हसायला लागली. दोघी इतक्या हसल्या की पलीकडून मिस्त्रीने विचारलं, “काय झालं गं?” ताई ओरडली, “काही नाही, हवा निघतेय!” जाताना तिने सांगितलं, दुसऱ्या मशीनवर मी शेजारच्या सुनेला बसवणार. किती दिवस धूळ झटकायची? वहिनी म्हणाली, बसव. तिची काजं बघून घे तेवढी. बायका हल्ली टाके लांब घालतात.

ताई गेली त्या दुपारी वहिनी बराच वेळ ओट्यापाशी उभी होती. काही करत नव्हती. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हिला आज काम नाही.

मिस्त्री गेला तो छातीच्या दुखण्याने, चार दिवसांत. शेवटच्या दिवशी म्हणाला, “आता तरी जा बहिणीकडे.” म्हणजे त्याला ठाऊक होतं सगळं. बावीस आणि वर अकरा वर्षं ठाऊक होतं. वहिनीला वाटलं, ओरडावं याच्यावर. पण मरणाऱ्या माणसावर कोण ओरडतं? तिने त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

गॅरेज दुसऱ्या एका फिटरने घेतलं. मागच्या दोन खोल्या वहिनीकडे राहिल्या. फिटरकडे हवा ओढून घेणारा पंप होता, त्याला माणसाची गरज नव्हती. फळीवर टकटक व्हायची थांबली. तिला वाटलं, आता झालं. आणि ताईचं पत्र आलं. तिचे डोळे गेले होते, शेजारच्या सुनेने लिहून दिलं होतं. ‘मशीन नाही आता तुझ्यासाठी. खाट आहे, खिडकीपाशी. ये.’

वहिनीने कळवलं, येते. फक्त नर्सबाईंचं जरा मार्गी लागू दे.

या नर्सबाई रस्त्याच्या टोकाला राहायच्या. आडगावांतून बाळंतपणं करत मोटारसायकलवर फिरायच्या. गाडी जुनी, पुढे एकच डिस्क, पाइप रबराचा, म्हातारा, दाबला की फुगणारा. वहिनी दर वेळी सांगायची, जाळीचा लावून घ्या. त्या म्हणायच्या, पुढच्या महिन्यात. गाडी गॅरेजात ठेवायला त्यांना वेळच नसे, कुणीतरी कुठेतरी कळा देत असे. म्हणून वहिनी दर गुरुवारी सकाळी स्वतःच जायची, फडकं आणि ब्रेकच्या तेलाची बाटली घेऊन. कुणी सांगितलं नव्हतं. बोलावलंही नव्हतं. ताईला तिने कळवलं, नर्सबाईंनी पाइप बदलला की निघते. ते ऐकून ताई म्हणाली म्हणे, अगदी मिस्त्रीसारखी बोलायला लागली ही.

असे दोन हिवाळे गेले.

तिच्या आयुष्यातला शेवटचा गुरुवार इतर गुरुवारांसारखाच होता. रात्रभर हाडं दुखली होती, पण ती तर रोजच दुखायची. वहिनीने चहा घेतला, बाटलीचं झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं, आणि कडी लावून निघाली. गॅरेजसमोरून जाताना फिटर म्हणाला, “वहिनी, मी पंप घेऊन जातो ना. तुम्ही कशाला?” ती म्हणाली, “तुझं चालू दे.”

नर्सबाई दारातच होत्या, पिशवी खांद्याला, निघण्याच्या घाईत. “आज राहू द्या, वहिनी. चांगला लागतोय ब्रेक.”

वहिनीने लिव्हर दाबला. डोळे मिटले. पुन्हा दाबला.

“अजून आहे,” ती म्हणाली. “पाना आणा. दोन मिनिटांचं काम.”

नर्सबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि चाकापाशी बसल्या. आता त्यांनाही सवय झाली होती. वहिनी पायरीवर बसली, एक हात लिव्हरवर. दाब. धर. नळीत दोन बारके बुडबुडे दिसले. सोड. पुन्हा. पुन्हा. डबीतलं तेल कमी झालं तेव्हा वहिनीने बाटलीतून भर घातली. एक थेंब टाकीवर पडला. ब्रेकचं तेल रंग खातं, म्हणून तिने लगेच पाणी मागितलं, तो थेंब धुतला आणि फडक्याने कोरडा केला.

“पाइप,” ती म्हणाली.

“पुढच्या महिन्यात, नक्की,” नर्सबाई म्हणाल्या आणि किक मारली.

वहिनीने बाटलीचं झाकण लावलं, फडक्याची घडी केली, आणि नर्सबाईंचं उघडं राहिलेलं दार ओढून घेतलं.